नागपुरात बसून लक्ष्मण झुला रंगवायचा असेल तर: वॉटरकलर, पहिल्या रेषेपासून फ्रेमपर्यंत

आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरच्या अल्बममध्ये हरिद्वार-ऋषिकेशचा एक तरी फोटो सापडतोच, आजी-आजोबा मधात उभे, मागे लक्ष्मण झुला, आणि कोपऱ्यात एखादं माकड. तो फोटो समोर ठेवून चित्र काढायला बसलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर पट्टी घेऊन पुलाच्या रेषा ओढतात, मग पूल काळा-निळा रंगवतात, आणि शेवटी उरलेल्या जागेत डोंगर आणि पाणी भरतात. तिथेच चित्र फसतं. पूल मोजून पाहा ना, ४५० फूट लांब आणि रस्ता फक्त ६ फूट रुंद, म्हणजे दुरून पाहिलं तर तो निव्वळ दोराच आहे, त्याच्यात रंगवण्यासारखं आहेच किती. तो दिसतो ते त्याच्या मागच्या डोंगरामुळे आणि खालच्या पाण्यामुळे. म्हणून या लेखात सत्तर टक्के गोष्ट डोंगर-पाण्याची आहे आणि पुलाची भूमिती आधीच उरकून घेतली आहे, म्हणजे नंतर तिचं टेन्शन नको.

थोडा इतिहास लागतो, कारण कोणत्या काळातला पूल काढायचा ते आधी ठरवावं लागतं. आधी तिथे दोरखंडाचा पूल होता, १८८९ मध्ये लोखंडी दोरांचा झाला, तो १९२४ च्या पुरात वाहून गेला. मग आत्ताचा झुला १९२७ ते १९२९ मध्ये बांधला आणि ११ एप्रिल १९३० ला तो सुरू झाला. जुलै २०१९ मध्ये कमजोर झाला म्हणून तो बंद करायचा आदेश निघाला. म्हणजे तुमचा फोटो २०१९ च्या आधीचा असेल तर पुलावर गर्दी, स्कूटर, गाय सगळं असणार, आणि नंतरचा असेल तर पूल रिकामा असू शकतो आणि शेजारी नव्या पुलाचं काम दिसू शकतं. माझं मत विचाराल तर जुना फोटोच घ्या, या पुलावर माणसं नसली तर तो किती मोठा आहे तेच समजत नाही. शेजारचं बांधकाम फोटोत असेल तर बिनधास्त गाळून टाका, आपण काही सर्व्हे करून नाही ऱ्हायलो.

आधी आपल्या रामझुल्यावर एक चक्कर मारा

हे गमतीत नाही सांगत. स्टेशनजवळच्या आपल्या रामझुल्याच्या केबल नीट पाहा, त्या खांबावरून थेट खाली रस्त्याला जातात, एकदम सरळ, तिरप्या. याला केबल-स्टेड म्हणतात. ऋषिकेशच्या झुल्यात (तिथलाही एक रामझुला आहे, १९८६ चा, तोही लक्ष्मण झुल्याच्याच जातीचा) गोष्ट वेगळी आहे, एक जाड मुख्य केबल या टॉवरवरून त्या टॉवरवर झोळीसारखी लटकते आणि तिच्यापासून बारीक उभे हँगर खाली येऊन रस्ता धरून ठेवतात. हँगर नेहमी उभे. पेन्सिलनं ते जरा जरी तिरपे गेले की चित्रात ऋषिकेशऐवजी नागपूर स्टेशन दिसायला लागतं, आणि पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही पण खटकतं नक्की.

सामान

कागद ३०० जीएसएमचा कॉटन, कोल्ड प्रेस, क्वार्टर साइज म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंमी. कागदावर पैसे वाचवू नका, रंगावर वाचवा, कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूबनं हे चित्र मस्त होतं. रंग थोडेच लागतात: अल्ट्रामरीन, सेरुलियन, व्हिरिडियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, एक लाल, आणि पांढरा पोस्टर कलर किंवा गुआश. ब्रश तीन पुरतात, १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल, आणि एक रिगर, हा लांब बारीक केसांचा असतो. याशिवाय मास्किंग टेप, मास्किंग फ्लुइड (कागदाच्या त्या जागी रंग लागू नये म्हणून लावायचं, नंतर घासून काढायचं द्रव), एक जुना खराब ब्रश, कटरचं पातं, आणि एक वस्तू जी कोणी सांगत नाही ती म्हणजे रूलिंग पेन. जुन्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या डब्यात दोन पात्यांचं, स्क्रू असलेलं जे पेन असायचं ते. घरात कोणी काका-मामा जुने इंजिनिअर असतील तर त्यांच्याकडे हमखास पडलेलं असतं, नाहीतर बर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात विचारा. त्याच्यात ब्रशनं रंग भरला की एकसारखी बारीक रेष निघते, स्क्रू फिरवून जाडी कमी-जास्त करता येते.

जागा कोणती घ्यायची

दोन जागा सोयीच्या आहेत. एक घाटावरून, खालून वर पाहताना. दुसरी वरच्या रस्त्यावरून, पुलाच्या थोडं वरून. दोन्हीत फरक क्षितिजाचा आहे. घाटावर तुमचे डोळे पुलाच्या खाली असतात, म्हणून रस्त्याची रेष दूर जाताना खाली उतरत जाते आणि पुलाचा तळ दिसतो. वरून पाहिलं तर तीच रेष दूर जाताना वर चढते आणि रस्त्यावरची माणसं दिसतात. एका फोटोतला पूल आणि दुसऱ्या फोटोतली नदी असं जोडायला गेलात तर इथेच फसगत होते, एक वरून आणि एक खालून, मग पाणी तिरपं वाहून ऱ्हायलं असं वाटतं.

मोबाइलच्या वाइड लेन्सचा फोटो असेल तर सांभाळा, त्यात जवळचा टॉवर उगाच मोठा होतो आणि पलीकडचा डोंगर टेकडीएवढा. पॅनोरामात तर सरळ रस्तासुद्धा धनुष्यासारखा वाकतो. असे फोटो रंगासाठी ठेवा, मापासाठी नाही.

पहिल्या खेपेला समोरून, म्हणजे दोन्ही टॉवर साधारण सारखे दिसतात तसं घ्या. पुढची मापं त्याचीच आहेत.

छोटी स्केचं, तीन शेड

कागदाला हात लावायच्या आधी वहीत काडेपेटीएवढ्या चौकटी पाडा आणि फक्त तीन शेडमध्ये चित्र करा: पांढरा, मधला, गडद. पेन्सिलनं. इथे एकच प्रश्न सोडवायचा असतो, पुलाच्या मागे काय आहे. डोंगर गडद असेल तर पूल उजळ दिसला पाहिजे, आकाश उजळ असेल तर तोच पूल गडद दिसला पाहिजे. लक्ष्मण झुल्याचं नशीब असं की मागे दाट झाडीचा डोंगर आहे, म्हणून केबलचा बराच भाग उजळ रेष म्हणून निघतो आणि टॉवरची टोकं आकाशात गेली की तिथे ती गडद होतात. एकच केबल अर्धी पांढरी अर्धी काळी. विचित्र वाटते पण डोळ्यांना तेच खरं वाटते, संध्याकाळी विजेच्या तारा पाहून घ्या, झाडासमोर चमकतात आणि आकाशासमोर काळ्या होतात.

दुसरं, पूल कागदाच्या बरोबर मध्यावर आडवा टाकू नका, चित्राचे दोन तुकडे होतात. वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास घ्या, खाली नदीला जागा मिळते.

या बाबतीत एक जुनं उदाहरण आठवतं. थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे चित्रकार १७८९ मध्ये गढवालच्या श्रीनगरला गेले होते आणि तिथला अलकनंदेवरचा दोरांचा पूल त्यांनी काढला. त्याचं प्रिंट नेटवर सहज दिसते, मोठं करून पाहा, झोळी कशी पकडली आहे आणि डोंगरापुढे पूल कसा हलका ठेवला आहे ते.

आता भूमिती, एकदाच नीट

पुलाचा स्पॅन, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, कागदावर २४ सेंमी घेऊ. खरा पूल ४५० फूट, म्हणजे आपल्या चित्रात १ मिमी म्हणजे जवळपास १.९ फूट. यातून सगळं निघतं. पुलावरचा माणूस ३ मिमी उंच. फक्त ३! पोट्टे चित्र काढतात तेव्हा माणूस दीड सेंमीचा करतात आणि मग पूल आपल्या नागनदीवरच्या पुलाएवढा होतो. पाण्यापासून पुलाची उंची साठ-सत्तर फुटांच्या घरात आहे, म्हणजे चित्रात साडेतीन सेंमीच्या आसपास, आणि पाणी वाढलं-उतरलं की हे बदलतं, तेवढी सूट घ्या.

झोळी किती खोल ते फोटोवर पट्टी लावून मोजा, टॉवरच्या टोकांना जोडणारी आडवी रेष आणि केबलचा सगळ्यात खालचा बिंदू यातलं अंतर. समजा ती खोली तुमच्या मापात २४ मिमी आली. आता वळण अंदाजे काढू नका, कारण अंदाजे काढलं की ते एकतर गोलाचा तुकडा होतं नाहीतर इंग्रजी व्ही. रस्त्याचं वजन सगळीकडे सारखं वाटलेलं असतं म्हणून केबल पॅराबोलात बसते, आणि पॅराबोला काढणं सोपं आहे. मध्यबिंदूपासून बाजूला अर्ध्या अंतरावर गेलं की केबल पूर्ण खोलीच्या फक्त पाव भाग वर चढलेली असते. आपल्या मापात: मध्यापासून ३ सेंमीवर दीड मिमी, ६ सेंमीवर ६ मिमी, ९ सेंमीवर साडेतेरा मिमी, आणि १२ सेंमीवर, म्हणजे टॉवरवर, पूर्ण २४ मिमी. दोन्ही बाजूंना हे बिंदू टाका आणि हलक्या हातानं जोडा, किंवा लवचिक प्लास्टिकची पट्टी त्या बिंदूंवरून वाकवून धरा आणि दुसऱ्याला रेष ओढायला सांगा. मधला भाग किती सपाट आहे ते पाहून आश्चर्य वाटेल.

गणिताचा कंटाळा असेल तर दुसरा जुगाड. बोर्ड भिंतीला उभा टेका, टॉवरच्या दोन टोकांवर टाचण्या लावा आणि गळ्यातली बारीक चेन त्याच्यावर लटकवा, खोली बरोबर येईपर्यंत ओढा-सोडा, मग चेनच्या मागे पेन्सिलनं ठिपके. लटकलेल्या चेनचं वळण शास्त्रात पॅराबोलापेक्षा वेगळं आहे, पण इतक्या उथळ झोळीत तो फरक पेन्सिलच्या टोकाएवढाही नाही. सोन्याची चेन घेतली तर आधी घरी विचारून घ्या.

तिरप्या कोनातून पूल काढत असाल तर मध्य पट्टीनं मोजून सापडत नाही. जवळच्या टॉवरच्या टोकापासून दूरच्या टॉवरच्या रस्त्यापर्यंत एक रेष, आणि दूरच्या टोकापासून जवळच्या रस्त्यापर्यंत दुसरी. जिथे छेदतात तिथे पुलाचा खरा मध्य. तो दूरच्या टॉवरकडे सरकलेला दिसेल, बरोबर आहे, तिथून उभी रेष घ्या आणि झोळीचा तळ त्याच्यावर ठेवा. हीच युक्ती प्रत्येक अर्ध्या भागात पुन्हा केली की हँगर कसे जवळ जवळ येत जातात तेही मिळतं.

हँगर सगळे काढू नका. जवळचे स्पष्ट, मधले तुटक, दूरचे जवळपास नाहीतच. टॉवरच्या मागे केबल जमिनीतल्या अँकरकडे जाते, तिथे तिला हँगर नसतील तर ती जवळपास सरळ ठेवा.

उन्हाळ्यात नागपुरात वॉटरकलर म्हणजे

नवतपात दुपारी दोनला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा थर, टाकायला बसाल तर ब्रश कागदाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत पहिली कड वाळलेली असते आणि आकाशात पट्टे पडतात. उपाय साधे आहेत. सकाळी सहा-सात वाजता बसा. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून प्लास्टिकच्या बोर्डावर चिकटवा, तो बराच वेळ ओला राहतो. पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले की वाळणं मंदावतं, जास्त टाकले तर चित्र चिकट राहतं. कूलर थेट कागदावर नको, एक बाजू आधी वाळते आणि कागद फुगतो, कूलर पाठीमागे ठेवा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, वॉश वाळतच नाही आणि कागद दमट होऊन त्याच्यावर डाग धरतात, तेव्हा कागद झिप पाऊचमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

मास्किंग फ्लुइड फक्त रस्त्याच्या पट्टीवर आणि टॉवरवर लावा, केबलवर नाही. केबलवर लावलं की काढल्यावर रेष जाड आणि कडक दिसते, शेवयांसारखी. ब्रश आधी साबणात बुडवून घ्या म्हणजे केस चिकटत नाहीत. आणि मास्किंग लावलेला कागद उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नाही, गरम झालं की ते कागदाला धरतं आणि काढताना कागदाची साल निघते. लावलं त्याच दिवशी काढायचं असं ठरवा.

रंग: मागून पुढे

पहिला वॉश सगळ्या कागदावर, पुलाची पर्वा न करता. वर सेरुलियन अगदी पातळ, डोंगराच्या जागी जाताना त्यात थोडं ऑकर, खाली नदीच्या जागी पुन्हा निळसर. हा वॉश पूर्ण वाळू द्या, हाताची मागची बाजू लावून पाहा, थंड लागला तर अजून ओला आहे.

मग दूरचा डोंगर. अल्ट्रामरीन, थोडं लाल, खूप पाणी. तो जांभळट-निळा आणि फिकाच हवा. आपल्याकडे डोंगर पाहायची सवय कमी, पण पावसानंतर रामटेकच्या गडावर उभं राहून दूर पाहा, जवळची झाडी हिरवी असते आणि मागच्या टेकड्या एकेक थर निळ्या आणि फिक्या होत जातात, तेच इथे करायचं आहे, फक्त उंच उभं करून.

जवळचा डोंगर म्हणजे या चित्राचा जीव, इथे घाई नको. हिरवा रंग ट्यूबमधून थेट लावला की प्लास्टिकचा दिसतो, म्हणून व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा, कुठे अल्ट्रामरीन जास्त, कुठे ऑकर जास्त. कागदाचा हा भाग ओला करा आणि रंग थेंबाथेंबानं सोडा, आपापसात मिसळू द्या. केबल जिथे जाणार आहे तिथे मुद्दाम गडद ठेवा, इतका गडद की ओला असताना भीती वाटली पाहिजे, कारण वॉटरकलर वाळल्यावर बराच फिका होतो. थोडं आटलं की ६ नंबरच्या ब्रशनं झाडांचे काही गठ्ठे, कडा काही कडक काही पुसट. एकेक झाड काढायच्या नादी लागू नका.

पुलाच्या जोंक गावाकडच्या टोकाला तेरा मजल्यांचं त्र्यंबकेश्वर मंदिर आहे, वर जाताना लहान होत जाणारं. याच्यात सगळे अडकतात. तेरा मजले मोजत बसायची गरज नाही, उजेडाची बाजू कागदाच्या पहिल्या वॉशचीच सोडा, सावलीची बाजू एका जांभळट राखाडी पट्ट्यात, आणि मजल्यांच्या सावलीच्या पाच-सहा आडव्या रेषा. बाकी पाहणारा स्वतः मोजतो. त्याला पुलापेक्षा जास्त डिटेल दिलंत तर चित्र मंदिराचं होईल, तेही चालेल म्हणा, पण मग तसं आधीच ठरवा.

गंगेचं पाणी

हिवाळ्यात तिथलं पाणी हिरवं-निळं असतं, पावसाळ्यात गढूळ मातकट. हिवाळ्याच्या पाण्यासाठी व्हिरिडियन, थोडं सेरुलियन, आणि चिमूटभर ऑकर, नाहीतर स्विमिंग पूल दिसतो. पावसाळ्यासाठी ऑकर, बर्न्ट अंबर आणि थोडं अल्ट्रामरीन.

आता प्रतिबिंब. आपला हात अंबाझरीवर बसलेला असतो, सकाळी वारा नसताना तलाव आरशासारखा, झाड उलटं जसंच्या तसं. गंगा वाहती आहे, तिच्यात पुलाची उलटी झोळी काढून ठेवली तर नदी थांबल्यासारखी दिसते. तिथे फक्त डोंगराच्या गडदपणाची सावली पाण्यात उतरते, उभ्या ओल्या फटकाऱ्यांनी, आणि तिच्यावर आडवे तुटक उजळ पट्टे येतात. करायची रीत: नदीचा भाग ओला करा, हिरवा वॉश, तो ओला असतानाच डोंगराखाली गडद रंग वरून खाली ओढा, मग धुऊन पिळलेल्या ब्रशनं दोन-तीन आडवे पट्टे उचलून घ्या. जवळच्या काठाला कोरड्या ब्रशनं एक झटका, कागदाचे खड्डे पांढरे राहतात आणि पाणी चमकतं. तीन झटके खूप झाले. दूरचे पट्टे बारीक आणि जवळजवळ, पुढचे लांब आणि रुंद, नाहीतर पाणी आडवं न दिसता भिंतीसारखं उभं दिसतं.

पूल, शेवटी

सगळं खडखडीत वाळल्यावर मास्किंग बोटानं घासून काढा. रस्त्याच्या पट्टीवर अगदी पातळ ऑकर, खालच्या कडेला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या राखाडीची एक रेष. ही एक रेष आली की पूल हवेत उचलला जातो. टॉवरचा रंग फोटोत पाहून लावा, पण उजेडाची एक बाजू आणि सावलीची एक बाजू हवीच, नाहीतर पुठ्ठ्याचा होतो.

केबलसाठी रूलिंग पेनमध्ये पांढरा पोस्टर कलर दुधाइतका पातळ करून भरा, त्यात कणभर ऑकर, निव्वळ पांढरा फार बोचतो. आधी रद्दी कागदावर दोन रेषा ओढून पाहा. मग झोळीच्या पेन्सिल रेषेवरून एका दमात, टॉवरपासून मध्यापर्यंत, पुन्हा दुसऱ्या टॉवरपासून मध्यापर्यंत. मध्ये थांबलात तर तिथे गाठ पडते. आकाशासमोर जो तुकडा येतो तो रिगरनं गडद राखाडीत. पलीकडच्या बाजूची दुसरी केबल थोडी फिकी आणि तुटक.

हँगरसाठी कटरच्या पात्याचं टोक आणि पट्टी, वाळलेल्या गडद डोंगरावर अगदी हलके ओरखडे वरून खाली, कागदाचा पांढरा दिसेपर्यंत. एका जागी दोनदा नाही. हे सगळ्यात शेवटी करायचं, कारण खरवडलेल्या जागी नंतर रंग गेला की तो काळा पडतो. पावसाळ्यात दमट कागदावर हे करू नका, कागद फाटतो, तेव्हा हँगरही पोस्टर कलरनंच.

आता माणसं. ३ मिमी लक्षात आहे ना. एक ठिपका डोकं, खाली गाजरासारखा एक फटकारा, झाले. सगळी सारख्या अंतरावर नको, चार जणांचा घोळका, मग मोकळी जागा, मग दोघं, मग एकटा. एक-दोन ठिपके भगवे, एक लाल, बाकी राखाडी. लाल ठिपका झोळीच्या बरोबर मध्यावर ठेवू नका, थोडा बाजूला.

चित्र झालं की टेप काढताना कागदापासून बाहेरच्या बाजूला, तिरपी आणि हळू ओढा. फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यात माउंट, म्हणजे कडेनं जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, काच चित्राला टेकली की आपल्या पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा, आपलं मेचं ऊन चांगल्या रंगालाही उडवतं. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख, कागदाचं नाव आणि वापरलेले रंग लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच पूल पावसाळ्याच्या गढूळ पाण्यावर करायचा झाला की डोंगराचा हिरवा पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागत नाही.